पाखऱ्याचा खांदा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तात्यांचा फोन आला तेव्हा योगिनी चिकलठाण्याच्या प्रयोगशाळेत एका औषध कंपनीचा तराजू तपासत होती. दुसऱ्यांची मोजायची साधनं खरं बोलतात की खोटं, हे पाहणं हाच तिचा धंदा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून ती या कामाला लागली तेव्हा तात्यांनी गावभर सांगितलं होतं, की आमची योगी आता तराजूची उलटतपासणी घेती.

"योगे, पट्टा तुटला," तात्या म्हणाले.

"कसला पट्टा?"

"पाखऱ्याचा. फॅनबेल्ट. उद्या दुपारपर्यंत नवा पाहिजे. शहरात तू हायेस, तूच बघ."

"अहो, पण तुटला कसा? चांगला होता की."

"तुटला म्हंजे तुटला. वस्तू हाय, तुटती."

मागून मोठ्या आईचा, म्हणजे द्वारकाबाईंचा आवाज आला. "खरं सांगा की तिला. तूप चोळलं म्हणावं."

योगिनीनं हातातलं वजन हळूच खाली ठेवलं.

पाखऱ्या म्हणजे तात्यांची अँबेसेडर. तात्यासाहेब हे योगिनीच्या वडिलांचे थोरले भाऊ, राहायला पैठण रस्त्याच्या आत लिंबखेड्यात. गाडी कागदावर अँबेसेडर होती, वरून बघणाऱ्यालाही ती अँबेसेडरच वाटे. पण बॉनेट उघडलं की कळायचं, हिनं बारा गावचं पाणी प्यालेलं आहे. मूळचं पेट्रोल इंजिन बसलं तेव्हा तात्यांनी मोडीत निघालेल्या एका टेम्पोचं डिझेल इंजिन आणून त्यात उतरवलं. डायनामो ट्रॅक्टरचा होता. पंख्याची पुली जागेवर बसेना, म्हणून ती चिकलठाण्याच्या एका शेडमध्ये लेथवर कातून घेतलेली होती, आणि ती कातणारा माणूस पुढं हॉटेल काढून मोकळा झाला होता. एवढ्या सगळ्या परक्या मंडळींना एकत्र नांदवणारा होता तो हा एकच पट्टा. पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो, तिन्ही त्याच्यावर फिरत.

आणि पाखऱ्या हे नाव तात्यांच्या शेवटच्या बैलाचं.

लिंबखेड्यात पोळ्याला वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्याच्याखालून पहिल्यांदा जायचा मान पिढ्यानपिढ्या तात्यांच्या घराकडं. चार वर्षांपूर्वी गोठ्यातला शेवटचा बैल म्हातारपणानं गेला. तात्यांचे गुडघे त्याच्याही आधी गेले होते. नवी जोडी आणली तरी तिला वैरण-पाणी करणार कोण? मग गावात पंच बसले. मान घराण्याचा की बैलाचा, यावर चहाच्या किटल्यांवर किटल्या रिकाम्या झाल्या. शेवटी ठरलं, मान घराण्याचा. पण तोरणाखालून जे काय जाईल ते स्वतःच्या पायानं गेलं पाहिजे. ओढायचं नाय, ढकलायचं नाय. तात्यांच्या दारात स्वतःच्या पायानं जाणारं असं एकच उरलं होतं. त्यांनी त्याच्या पाठीवर झूल टाकली, आरशांना गोंडे बांधले, दिव्यांभोवती हिंगूळ लावला आणि त्याला पाखऱ्या म्हणायला सुरुवात केली.

मानाच्या रांगेत दुसरा नंबर सर्जेरावांचा. त्यांची खिल्लारी जोडी अशी देखणी, की तालुक्याच्या प्रदर्शनात लोक तिच्याबरोबर फोटो काढत. गाडी अडली तर तोरण सर्जेरावांच्या जोडीचं, हे पंचांनी त्याच बैठकीत ठरवून टाकलं होतं. तेव्हापासून दर पोळ्याला सर्जेराव गाडीच्या मागं उभे राहून तिच्या आवाजाकडं असे कान लावत, जसा डॉक्टर छातीला नळी लावतो.

तर, पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळण असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळायची आणि त्यांना सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. चार वर्षं द्वारकाबाई वाटी घेऊन बॉनेटला दोन बोटं लावत आणि आवतन देऊन घरात जात. यंदा सर्जेराव नेमके तिथून चालले होते.

"वहिनी, ते बॉनेट म्हंजे डोकं झालं," ते थांबून म्हणाले. "डोक्याला तूप कोण लावतं? खांदा कुठाय गाडीचा?"

एवढंच बोलून ते गेले. पण तात्यांच्या डोक्यात किडा सोडून गेले. तात्यांनी बॉनेट उघडलं आणि बराच वेळ आत बघत विचार केला. जू कशानं बांधतात? पट्ट्यानं. इथं पट्टा कुठाय? हा काय, पुलीच्या गळ्यातच की. म्हणजे जिथं पट्टा तिथं खांदा. त्यांनी वाटीतलं सगळं तूप त्या पट्ट्याला आतून-बाहेरून, पुलीच्या खोबणीपर्यंत, मायेनं चोळलं. मग मारुतीच्या पाया पडायला म्हणून गाडी काढली. पाखऱ्या आधी किंचाळला, मग त्याच्या नाकातोंडातून शिऱ्यासारखा वास आला, मग धूर आला, आणि मारुतीच्या पारासमोरच पट्ट्याच्या चिंध्या झाल्या. पारावर सर्जेराव बसलेलेच होते. त्यांनी उठून हात जोडले; मारुतीला की गाडीला, ते कळलं नाही.

"मग आता?" योगिनीनं विचारलं.

"आता काय? ते म्हणले, तात्यासाहेब, उद्या आमची जोडी तयार ठेवतो. हसत म्हणले गं." तात्यांचा आवाज एकदम खाली आला. "योगे, तोरण गेलं तर जाऊ दे एक वेळ. पण पाखऱ्याचं नाव घेऊन हसले ते. तो असा कधी वाटंत बसला नव्हता."

योगिनी लहानपणी त्या बैलाच्या पाठीवर बसलेली होती. ती म्हणाली, "पट्ट्यावरचा नंबर सांगा."

"नंबरावर हळद हाय."

"पुसा की."

"पुसली. हळदीबरोबर नंबरही निघाला."

"बरं, डायनामो पुढं-मागं सरकवायची खाच असते. ती असली की पट्टा थोडा लहान-मोठा चालतो."

"ती व्हती. डायनामो लई खडखड करायचा, म्हणून वेल्डिंग मारून टाकलं. आता हलत नाय. कायमचा."

म्हणजे पट्टा हवा तो नेमक्याच मापाचा. योगिनीला भीती वाटली आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटली. तिनं सांगितलं, तिन्ही पुल्यांच्या खोबणीतून सुतळी फिरवा, टोकाला टोक जुळेल तिथं कापा, आणि ती सुतळी व पट्ट्याचे तुकडे सकाळच्या एस.टी.नं पाठवा. आणि मोठ्या आईला म्हणावं, सगळ्या पुल्या राखेनं घासून, धुऊन कोरड्या करून ठेव. तुपाचा एक थेंब राहिला तरी नव्या पट्ट्याची तीच गत.

सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर कंडक्टरनं तिच्या हातात पिशवी दिली आणि विचारलं, "ताई, प्रसाद आहे का? वास लई भारी येतोय."

पहिलं दुकान तिनं निवडलं ते जालना रोडवरचं, काचेचं, एसीचं. काउंटरवरच्या तरुणानं कॉम्प्युटरवर बोटं ठेवली.

"गाडी?"

"अँबेसेडर."

"पेट्रोल ना? हा घ्या बेल्ट."

"इंजिन डिझेलचं आहे. टेम्पोचं."

"मग टेम्पोचा देतो."

"पण पंख्याची पुली टेम्पोची नाही. लेथवर बनवलेली आहे. आणि डायनामो ट्रॅक्टरचा."

त्यानं एकेक गोष्ट टाइप केली, पुसली, परत टाइप केली. मग हात मागं घेऊन तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सिस्टिमप्रमाणे तुमची गाडी अस्तित्वातच नाही."

"काल संध्याकाळपर्यंत होती," योगिनी म्हणाली आणि बाहेर पडली.

तिथून ती स्कूटरनं जाफर गेटला गेली. तिथं मोंढ्याच्या बाजूला धान्याच्या दुकानांना लागूनच मोटारी, पंप, गिरण्या यांच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. खलीलभाईंच्या दुकानाच्या छतापासून पट्टे असे लोंबत होते, की आत शिरताना मान वाकवावी लागे. खलीलभाईंनी पिशवीत हात घातला, पट्ट्याचा तुकडा काढला, नाकाजवळ नेला आणि तिच्याकडं बघितलं.

"इसकू बघार कायकू दिये?"

"फोडणी नाही, खांदेमळण. पोळा आहे आज," योगिनी म्हणाली.

"हौ," ते म्हणाले, जणू यात सगळं आलं. "नंबर?"

"नंबर गेला. रुंदी तेरा मिलिमीटर, जाडी आठ. व्हर्निअरनं मोजलीय. आणि ही लांबी." तिनं सुतळी काउंटरवर सरळ पसरली. खलीलभाईंनी त्यावर टेप धरली.

"चाळीस इंच, थोडा कमच. चाळीस नंबर ले जाव. हो गया."

ते पट्टा काढायला वळले, आणि योगिनी सुतळीकडं बघत राहिली. तिला काहीतरी खटकत होतं. असा पट्टा पुलीच्या खोबणीत तळाला टेकत नाही. तो दोन्ही बाजूंच्या भिंतींत पाचरीसारखा रुततो आणि तळाच्या वर अधांतरी राहतो. तळाला टेकला तर तो घसरतोच. पण तात्यांनी सुतळी फिरवली होती ती खोबणीच्या तळातून. म्हणजे सुतळीची वाट आणि पट्ट्याची वाट एक नव्हती. पट्टा थोड्या उंचीवरून जाणार, म्हणून थोडा लांब हवा. किती लांब, याचं गणित फार देखणं होतं. पुल्या दोन असोत की तीन, लहान असोत की मोठ्या, सगळ्यांना वळसा घालून परत येईपर्यंत पट्टा एकूण एकच पुरती गिरकी घेतो. त्यामुळं उंची जेवढी वाढेल त्याच्या साधारण सव्वासहापट लांबी वाढणार. बास. फक्त ती उंची कळायला हवी होती.

तिनं गावाला फोन लावला. द्वारकाबाईंनी उचलला.

"मोठी आई, पुलीची खोबण किती खोल आहे?"

"करंगळीचं नख बुडतं बघ. सगळं."

"कुणाची करंगळी?"

"माझी. ह्यांची नखं काळी हायेत, मी लावू दिली नाय. पुल्या अशा घासल्यात योगे, तोंड बघून घ्यावं."

"करंगळीनं नको. एखादी बारकी वस्तू आत टाकून बघ. जी सगळीकडं सारखी असते अशी."

थोडा वेळ फोनवर नुसताच पाय ओढल्याचा, डबा उघडल्याचा आवाज येत राहिला. मग द्वारकाबाई म्हणाल्या, "ज्वारीचे दाणे टाकले. एकावर एक तीन बसत्यात, काठाला काठ."

योगिनीनं डोळे मिटले. मग विचारलं, "ज्वारी कोणती?"

"मालदांडी. हायब्रीड कोण खातं आपल्यात?"

शेजारीच धान्याचं दुकान होतं. योगिनी तिथं गेली आणि म्हणाली, "मालदांडी दाखवा." दुकानदारानं मूठभर ज्वारी पसरली. तिनं पर्समधून व्हर्निअर काढला आणि एकेक दाणा त्याच्या जबड्यात धरून मोजायला लागली. दाणे सगळे सारखे नव्हतेच, म्हणून तिनं दहा मोजले, सरासरी काढली. दुकानदाराचा चेहरा उतरत गेला.

"मॅडम, तुम्ही सरकारकडून आलात का?" त्यानं हळूच विचारलं. "माल एकदम चोख आहे. पाहिजे तर दुसरं पोतं फोडतो."

"नाही नाही, फॅनबेल्टसाठी मोजतेय," योगिनी म्हणाली. त्यानं तो जास्तच घाबरला. ती जाईपर्यंत तो काटा पुसत बसला.

पट्ट्याची पाठ खोबणीच्या काठाला येते, म्हणून तीन दाण्यांची खोली, त्यातून पट्ट्याची जाडी वजा, उरलेल्याची सव्वासहापट. उत्तर एक इंचाहून थोडं जास्त आलं. ती परत खलीलभाईंपुढं उभी राहिली.

"चाळीस नको. एकेचाळीस द्या."

"सुतली तो चाळीस बोलती."

"सुतळी चाळीस म्हणते. ज्वारी एकेचाळीस म्हणते."

खलीलभाईंनी तिच्याकडं, मग शेजारच्या धान्याच्या दुकानाकडं पाहिलं. तिथला दुकानदार मान बाहेर काढून त्यांना डोळ्यांनी खुणावत होता, की हिला पाहिजे ते देऊन टाका.

"देखो बेटा, एकेचाळीस कोई मांगता नै," ते म्हणाले. "चाळीस चलता, बेचाळीस चलता. एक था, गंगापूर के एक पाटील के वास्ते मंगाया था। पाटील आयाच नै." ते आत गेले आणि बऱ्याच खटपटीनंतर, कागदात गुंडाळलेला, धुळीनं पांढरा झालेला पट्टा घेऊन आले. "नवाच है। कडबाकुट्टी का है, चलेगा?"

योगिनीला हसू आवरेना. बैलाच्या जागी गाडी आणली, आणि ती चालणार कडबा कापायच्या यंत्राच्या पट्ट्यावर. म्हणजे फिरून पाखऱ्याला कडबाच लागला.

"पळेल," ती म्हणाली. "नाही बसला तर परत आणते."

"लाना। मगर हळदी लगाके नक्को."

पट्टा खांद्याला अडकवून ती स्कूटरनं लिंबखेड्याला पोचली तेव्हा गावात हलगी वाजायला लागली होती. गाडी अंगणात उभी होती. झूल घातलेली, गोंडे बांधलेली, बॉनेट वासलेलं. पुल्या खरोखरच देवघरातल्या तांब्यासारख्या लखलखत होत्या. तात्या फेटा बांधून तयार होते, पण तोंड असं, की कुणाच्या तेराव्याला निघालेत.

पंख्याची पुली काढायची, पट्टा तिच्या गळ्यात घालायचा आणि पट्ट्यासकट ती परत बसवायची, एवढंच काम होतं. तात्यांनी शेवटचा बोल्ट आवळला. योगिनीनं अंगठ्यानं पट्टा दाबून पाहिला. जेवढा दबायला हवा तेवढाच तो दबला.

"मारा स्टार्टर," ती म्हणाली.

तात्यांनी चावी फिरवली. इंजिन दोनदा खाकरलं आणि सुरू झालं. पट्टा कुठंही न कुरकुरता फिरत राहिला, पंखा वारा घालू लागला. तात्या गाडीतून उतरले, पुढं आले, फिरत्या पंख्याकडं बघत उभे राहिले, मग त्यांनी फेट्याच्या टोकानं डोळे पुसले आणि म्हणाले, "धूर गेला डोळ्यात." धूर कुठंच नव्हता.

आणि तेवढ्यात द्वारकाबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. तूप आणि हळद.

"मोठी आई, नाही!" योगिनी पट्ट्याच्या आडवी झाली.

"अगं, कालचा खांदा तुटून गेला. ह्या नव्या खांद्याची मळण कुठं झालीय? बिनमळणीचा बैल तोरणाखालून जातो का?"

"बरोबर बोलल्या वहिनी." फाटकातून आवाज आला. सर्जेराव आपली खिल्लारी जोडी घेऊन उभे होते. मिरवणूक मारुतीकडं निघायच्या आधी मानकऱ्याला बोलवायला यायचं, ही दुसऱ्या नंबरवाल्याची रीत. ते ती दरवर्षी अगदी न चुकता पाळत. "मळण झाल्याबिगर मान नाय. तात्यासाहेब, गाडीचा खांदा सापडला का मग?"

तात्यांनी पट्ट्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं, आणि मग योगिनीकडं. बायकोचं ऐकलं तर गाडी जाते, नाही ऐकलं तर मान जातो, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"योगे, तू शिकलेली हायेस," ते म्हणाले. "तूच सांग. खांदा कुठाय?"

योगिनीनं हा प्रश्न थट्टेवारी नेला नाही. तिला तो खरोखरच चांगला प्रश्न वाटला.

"सर्जेकाका, बैलाचा खांदा म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"काय म्हंजे? जिथं जू बसतं ते."

"जू तिथंच का बसतं? पाय जमिनीला मागं रेटतात. ते सगळं बळ अंगातून येऊन ज्या जागेतून ओझ्याला लागतं, ती जागा खांदा. बरोबर?"

सर्जेरावांनी आपल्या बैलाच्या वशिंडापुढं हात ठेवून पाहिला. "व्हय. तसंच म्हणावं लागंल."

"मग हा पट्टा गाडी ओढतच नाही. हा नुसता पंखा हलवतो, वारा घालतो, पाणी फिरवतो. बैलाचं वारा घालणारं काय असतं?"

सगळ्यांच्या नजरा सर्जेरावांच्या बैलांकडं वळल्या. मग द्वारकाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई. शेपूट."

"तात्या," योगिनी म्हणाली, "काल तुम्ही शेपटीची खांदेमळण केलीत."

सर्जेराव एवढे हसले, की त्यांचे बैल दोन पावलं मागं सरले. तात्या कानापर्यंत लाल झाले. पण योगिनी तोवर गोणपाट टाकून गाडीच्या मागच्या बाजूला खाली शिरली होती. तिथून तिचे पाय आणि आवाज तेवढा येत राहिला.

"गाडीची मागची चाकं जमिनीला रेटतात. चाकं बांधलीत या स्प्रिंगच्या पाट्यांना. आणि पाट्याचं पुढचं टोक इथं, या बोल्टवर, गाडीच्या सांगाड्याला धरून आहे. चाकांचं सगळं बळ इथूनच गाडीला लागतं. हा खांदा. एक डावीकडं, एक उजवीकडं."

"दोन हायेत?" तात्यांनी वाकायचा प्रयत्न करत विचारलं. गुडघे वाकले नाहीत.

"दोन. सारखेच. मोठी आई, वाटी दे. इथं रबर होतं ते कधीच झिजून गेलंय, लोखंडावर लोखंड घासतंय. रबर असतं तर मी लावू दिलं नसतं."

द्वारकाबाई मात्र वाटी द्यायला तयार होईनात. मळण घरच्या लक्ष्मीनं करायची असते. त्या लुगडं खोचून गोणपाटावर आडव्या झाल्या, सरकत आत गेल्या, आणि डावा-उजवा दोन्ही बोल्ट त्यांनी असे चोळले, की बोल्टाला झोप यावी. खालूनच त्या म्हणाल्या, "काल आवतन घेतलंस, आज जेवायला ये बाबा."

त्या बाहेर आल्या तेव्हा सर्जेराव विचारात पडलेले होते. गेली चार वर्षं त्यांची एक तक्रार होती, आणि ती ते दर पोळ्याला काढत: मान जोडीचा आहे, आणि गाडी एकटी. यंदाही ती ओठांवर आली असणार.

"दोन खांदे," ते पुटपुटले. "म्हंजे काय, जोडीच झाली की ही."

बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. पण शब्द गेला होता, आणि अंगणात माणसं जमली होती.

मारुतीपासून वेशीपर्यंतची मिरवणूक गोगलगाईसारखी चालते. एवढ्या संथ चालीत वाऱ्याचा झोत नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. योगिनी पुढच्या सीटवर तात्यांच्या शेजारी बसून उष्णतेच्या काट्याकडं बघत होती. काटा अर्ध्यावर चढला आणि तिथंच बसला. तात्या मात्र दुसरंच काहीतरी ऐकत होते.

"योगे, आवाज गेला."

"कसला?"

"दर खड्ड्याला मागून कुंईऽ करायचा तो. किती वर्षं ऐकतोय. गेला की!"

तूप खरोखरच योग्य जागी पोचलं होतं. पाखऱ्या गुमान चालला होता, आणि त्या गुमान चालण्यानंच मागचे सर्जेराव जास्त अस्वस्थ झाले होते, कारण आता त्यांना कान लावायला काही उरलं नव्हतं.

वेस दहा पावलांवर आली आणि गाडी एकदम मागून हलली. मग परत. कुणीतरी ढकलल्यासारखी.

तात्यांनी खिडकीतून मान काढून मागं बघितलं. सर्जेरावांचे दोन्ही खिल्लारी कासरा ताणून पुढं आले होते आणि डिकीला नाकं लावून, डोक्यानं ढुशा देत होते. सर्जेरावांना कळेना हे काय चाललंय. द्वारकाबाईंना कळलं, आणि त्या गर्दीत दुसऱ्या बाजूला बघायला लागल्या. पाखऱ्याच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या दरवर्षी डिकीत ठेवलेल्या असत. गाडी काही पोळी खात नाही. आणि गोठा रिकामा झाला तरी पोळ्याला बैलाच्या तोंडात घास घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मग तोरण झालं की त्या पोळ्या कुणाच्या मुखी जात, हे त्या, आणि ते दोन बैल, एवढ्यांनाच ठाऊक होतं.

"सर्जेराव!" तात्या ओरडले, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात मजा होती. "ढकलायचं नाय असं ठरलंय! तुमचीच जोडी ढकलायलीय. आवरा, नायतर पंच बसवतो!"

सर्जेराव लालबुंद होऊन दोन्ही कासरे मागं ओढायला लागले. आणखी चार जण त्यांच्या मदतीला धावले. पाखऱ्याचा मान राखण्यासाठी सगळं गाव सर्जेरावांचे बैल मागं खेचत राहिलं, हलगीवाला हसण्यात ताल विसरला, आणि तेवढ्यात तात्यांनी पहिला गिअर टाकला.

आंब्याची पानं टपावरून घासत मागं गेली. पाखऱ्या तोरणाखालून निघाला, स्वतःच्या पायानं, शेपूट हलवत.